भिंतींतून वाहणारें पाणी

शहरांतील नव्या घरांत गेलें म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेची एक नवी वस्तु अलीकडे पाहावयास मिळते. काळ्या दगडाची अथवा तांब्याच्या पत्र्याची उभी फळी भिंतीला जडविलेली असते. तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सरसर उतरत असतो आणि खालच्या अरुंद कुंडींत लहानसा नाद करीत मावळतो. कोणाच्या घरीं फळीऐवजीं सिंहाचें मुख असतें, कोणाच्या घरीं गाईचें. पाहुणा क्षणभर थांबतो, यजमान कौतुकानें कळ दाबून धारेचा वेग कमीजास्त करून दाखवितो, आणि बरोबर आलेलें लहान मूल हटकून एकच प्रश्न विचारतें, ‘हें पाणी येतें कोठून?’

प्रश्न साधा आहे, पण त्याचें खरें उत्तर यजमानाला थोडें अडचणींत आणणारें आहे. कारण तें पाणी कोठूनच येत नाहीं. खालच्या कुंडींत मुठीएवढा विजेचा पंप बुडवून ठेवलेला असतो. तो कुंडींतील पांच-दहा लिटर पाणी नळीवाटे फळीच्या माथ्यावर चढवितो. तें ओघळून पुन्हां कुंडींत येतें आणि पुन्हां वर जातें. आपल्या जुन्या रहाटगाडग्यानें निदान विहिरींतलें पाणी मळ्यांत तरी जात असे. येथें तेंच पाणी दिवसभर स्वतःभोंवतीं प्रदक्षिणा घालीत असतें. त्यांतून जें कांहीं कमी होतें तें वाफेच्या रूपानें, आणि तेवढें पाणी घरच्या माणसांनीं तांब्यानें ओतून भरून काढावयाचें.

यांत दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. घराला शोभा असावी, आणि पाण्याचा मंद आवाज कानाला गोड लागतो यांत शंका नाहीं. शिवाय पाण्याची वाफ होतांना ती भोंवतालची उष्णता शोषून घेते, म्हणून देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यांत अशा कारंजाजवळ बसलें असतां किंचित् गारवाही वाटतो. कोंकणांत मात्र हवा आधींच बाष्पानें भरलेली असल्यामुळें गारवा जवळजवळ मिळत नाहीं आणि खोलीचा दमटपणा तेवढा वाढतो. असो. परंतु भिंतींतून पाणी पाडण्याची ही कल्पना आजची नव्हे. ती फार जुनी आहे. आणि तिच्या मूळच्या रूपांत त्या मुलाच्या प्रश्नाला इतकें मोठें उत्तर होतें कीं, त्या उत्तरावर अख्ख्या शहरांचें जीवन अवलंबून असे. त्या जुन्या उत्तराकडे वाचकांचें लक्ष वेधावें एवढ्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. पाणी ज्या पन्हळींतून अथवा तोटींतून बाहेर पडतें तिला संस्कृतांत ‘प्रणाल’ किंवा ‘प्रणाली’ म्हणतात. आपला ‘पन्हळ’ हा शब्द त्याच घराण्यांतला. शिवालयांत पिंडीवर अभिषेक केलेलें तीर्थ गाभाऱ्याच्या भिंतींतून, बहुधा उत्तरेच्या बाजूस, ज्या दगडी तोंडावाटे बाहेर येतें तीही प्रणालीच होय. तिला कोठें गाईच्या मुखाचा आकार देतात, कोठें मकराच्या. हा मकर म्हणजे नदींतली साधी मगर नव्हे. त्याला सोंड हत्तीची, जबडा सुसरीचा आणि शेपटी माशाची. तो गंगेचें वाहन आणि वरुणाचेंही वाहन. तेव्हां भिंतींतून येणाऱ्या धारेला मकरमुख देणाऱ्या शिल्पकारानें केवळ शोभेचा विचार केलेला नसतो; हें पाणी वरुणाच्या घरचें आहे, तुमच्या मालकीचें नव्हे, असें तो दगडांत लिहून ठेवतो.

दुसरा शब्द ‘प्रपा’. वाटसरूंस पाणी पाजण्याची जागा ती प्रपा. आपल्या ‘पाणपोई’तील ‘पोई’ ही या प्रपेचीच लेक आहे. तिसरा शब्द ‘पूर्त’. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं सत्कर्मांचे दोन भाग केले. यज्ञयागादि कर्में तें इष्ट. आणि विहिरी, तळीं, देवालयें, बागा, अन्नदान हें पूर्त. पूर्त याचा मूळ अर्थ ‘भरलेलें’ असा आहे. लोकांसाठीं जें भरून ठेवावयाचें तें पूर्त. आणि मोडलेलें पुन्हां उभें करणें, म्हणजे जीर्णोद्धार, हेंही त्यांतच आलें.

प्रणाल, प्रपा आणि पूर्त या तिहींचा संगम एकाच ठिकाणीं पाहावयाचा असेल तर नेपाळांतील काठमांडूच्या खोऱ्यांत जावें. भिंतींत बसविलेल्या जलमुखांची कला तेथें जितकी वाढली आणि जितकीं शतकें टिकली तितकी क्वचितच दुसरीकडे. तेथील नेवार लोक या जलमुखांच्या स्थानास ‘हिटी’ म्हणतात. नेपाळी भाषेंत त्यांस ‘ढुंगे धारा’ असें नांव आहे. ढुंगा म्हणजे दगड. अशा दगडी धारा त्या खोऱ्यांत कित्येक शेंकड्यांनीं मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांपैकीं पुष्कळ आजही आहेत.

पाटण, ज्याचें दुसरें नांव ललितपूर, तेथील जुन्या राजवाड्याच्या चौकाच्या उत्तर टोकास ‘मंगा हिटी’ आहे. तिचा आरंभ लिच्छवि राजांच्या काळांत, इसवी सन ५७० मध्यें झाला असें मानतात. म्हणजे कान्यकुब्जाचा हर्ष गादीवर बसण्यापूर्वीं सुमारें पस्तीस वर्षें. रस्त्याच्या पातळीवरून पाहिलें तर प्रथम कांहींच दिसत नाहीं. केवळ एक मोठा खड्डा दिसतो. पायऱ्या उतरून खालीं गेलें म्हणजे आपण विटांच्या बांधीव भिंतींनीं वेढलेल्या, फरसबंद अंगणांत येतों. समोरच्या भिंतींतून दगडी मकरांचीं तीन लांब मुखें पुढें आलेलीं असतात आणि त्यांतून अखंड धार पडत असते. बायका गागरी भरतात, कोणी हातपाय धुतो, कोणी नुसतेंच ओंजळभर पाणी पिऊन पुढें जातो. चौदा शतकें हा क्रम चालू आहे.

या खड्ड्यांतच त्या विद्येचें पहिलें रहस्य आहे. आपल्या दिवाणखान्यांतील कारंजांत पाणी माणसाच्या नजरेपर्यंत वर चढवावें लागतें. हिटी बांधणाराजवळ पंप नव्हता. म्हणून त्यानें पाणी माणसाकडे वर चढविलें नाहीं, माणसालाच पाण्याकडे खालीं उतरविलें. काठमांडूचें खोरें पुरातन काळीं एक सरोवर होतें असें भूगर्भशास्त्र सांगतें. मंजुश्रीनें खड्गानें डोंगर चिरून तें पाणी वाहवून दिलें, ही तेथील दंतकथाही तेंच सांगते. त्या सरोवराच्या तळाशीं वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकावर एक सांचले आहेत. वाळूंतून पाणी झिरपतें, चिकणमातीवर तें अडतें. त्या अडलेल्या पाण्याच्या पातळीच्या खालीं अंगण खोदलें म्हणजे पाणी स्वतःच्याच वजनानें भिंतींतून बाहेर येतें. त्याला चढविण्याचा खर्च नाहीं आणि यंत्र बिघडण्याची भीति नाहीं.

दुसरें रहस्य त्या मुखाच्या लांबींत आहे. मकराचें तोंड भिंतींतून चांगलें हातभर पुढें काढलेलें असतें. तें शोभेसाठीं तर आहेच. परंतु त्यामुळें धार भिंतीपासून दूर पडते, विटांच्या सांध्यांत पाणी मुरत नाहीं, आणि खालीं घागर मोकळेपणानें लावतां येते. ज्या अवयवाला काम आहे त्यालाच त्या शिल्पकारांनीं शोभा दिली. मुखाच्या वर कोनाड्यांत देवतेची मूर्ति असते, आणि मुखाच्या खालीं, जेथें धार पडते तेथें, पुष्कळ ठिकाणीं भगीरथाची लहानशी मूर्ति कोरलेली आढळते. स्वर्गांतील गंगा ज्यानें तपश्चर्या करून पृथ्वीवर आणली तो राजा प्रत्येक गल्लींतल्या धारेखालीं उभा केलेला पाहून आम्हांस तरी फार औचित्य वाटतें. घागर भरणाराला त्यांतून एक आठवण मिळते. हें पाणी आपोआप आलेलें नाहीं. कोणी तरी तें आणलें आहे.

राजांनीं या कलेवर संपत्तीही उधळली. पाटणच्या राजवाड्यांतील सुंदरी चौकांत मल्ल राजा सिद्धिनरसिंह याच्या काळची, म्हणजे सतराव्या शतकांतील ‘तुशा हिटी’ आहे. तिच्या खोल कुंडाच्या भिंतींवर देवदेवतांच्या लहान मूर्तींच्या रांगा आहेत आणि मुख सोन्याचा मुलामा दिलेलें आहे. भक्तपूरच्या राजवाड्यांतही सोनेरी मुखाचें राजकुंड आहे. पण आम्हांस त्या सोन्यापेक्षां गल्लींतल्या साध्या दगडी मुखाचें मोल अधिक वाटतें, कारण राजाचें कुंड राजापुरतें होतें आणि ही धारा सर्वांसाठीं होती.

आतां भिंतीच्या मागें पाहूं. पाहणाराला फक्त मुख दिसतें. पण मुख हा त्या सगळ्या रचनेचा शेवटचा हातभर तुकडा असतो. खोऱ्याच्या कडेच्या डोंगरांतील ओढ्यांचें पाणी लांबलांबून कालव्यानें शहराच्या वरच्या अंगास आणलेलें असे. या कालव्यांस ‘राजकुलो’ म्हणतात. संस्कृतांत ‘कुल्या’ म्हणजे पाट. राजानें काढलेली कुल्या ती राजकुल्या, असा हा सरळ शब्द आहे. पाटणाकडे येणारा असा एक कालवा दक्षिणेकडील टीकाभैरवाच्या बाजूनें येत असे. कालव्याचें पाणी तळ्यांत सोडीत. तळीं कांहीं शेतांना उपयोगी पडत, कांहीं आग विझविण्यास. परंतु त्यांचें मोठें काम दिसत नसे. त्यांतलें पाणी सावकाश जमिनींत मुरून खालच्या वाळूच्या थराला भरीत असे. त्या थरांतून विटांच्या, लांकडाच्या अथवा भाजलेल्या मातीच्या नळांनीं पाणी हिटीकडे जाई. नळ गळूं नये म्हणून भोंवतीं काळ्या चिकणमातीचा जाड लेप असे, आणि वाटेंत खडी व वाळू भरलेल्या टांक्या असत, त्यांतून पाणी गाळून निघे. हिटीच्या अंगणांतून वाहून गेलेलें पाणीही वायां जात नसे. मोरीनें तें पुढच्या तळ्याला, दुसऱ्या एखाद्या धारेला, अथवा शेतांना मिळे.

हिटीच्या जोडीला आणखी एक लहान वस्तु आहे, तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. रस्त्याच्या कडेच्या भिंतींत बसविलेली एक बंद दगडी टांकी असते, तिला ‘जरूं’ म्हणतात. जुन्या संस्कृत शिलालेखांतील ‘जलद्रोणी’ ती हीच. शेजारच्या विहिरींतून अथवा धारेंतून आणलेलें पाणी तींत भरून ठेवावयाचें, आणि समोरच्या कोरीव भोंकांतून वाटसरूनें घेऊन प्यावयाचें. जेथें जमिनींतून धार निघणें शक्य नव्हतें तेथें माणसांनीं रोज हातानें भरून ही धार निर्माण केली. आपल्या पाणपोईचें हें दगडी रूप. त्यांचेंही कोरीवकाम सुंदर आहे, पण बहुतेक जरूं आतां कोरडीं पडून भिंतींत नुसतीं उभीं आहेत. त्यांना भरणारे हात राहिले नाहींत.

येथेंच खऱ्या विषयाला हात घालावा लागतो. दगड शतकानुशतकें टिकतो. नळ आणि तळें टिकत नाहींत. त्यांत गाळ सांचतो, मुळें शिरतात, विटा ढळतात. म्हणून हिटी बांधणारांनीं दोन व्यवस्था करून ठेवल्या. एक धर्माची आणि एक अर्थाची. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीस नेवार लोकांचा ‘सिठी नखः’ नांवाचा सण असतो. पावसाळा तोंडावर आलेला, पाणी वर्षांतल्या सर्वांत खालच्या पातळीस गेलेलें. त्या दिवशीं विहिरी, तळीं आणि धारा उपसून साफ करावयाच्या. एरवीं पाण्यांत नागांचा वास असतो, त्या दिवशीं मात्र ते बाहेर गेलेले असतात, अशी समजूत आहे. या समजुतींतील शहाणपण वाचकांस सांगावयास नको. वर्षभर पाण्यांत कोणी ढवळाढवळ करूं नये आणि नेमक्या सोयीच्या दिवशीं सर्वांनीं एकदम करावी, हा नियम नागांच्या नांवानें घालून दिलेला आहे.

दुसरी व्यवस्था ‘गुठी’ची. हा शब्द म्हणजे संस्कृत ‘गोष्ठी’. एखाद्या देवळासाठीं, धर्मशाळेसाठीं अथवा धारेसाठीं जमीन लावून द्यावयाची आणि तिच्या उत्पन्नांतून ठराविक कुटुंबांनीं तिची डागडुजी पाहावयाची. म्हणजे धारा बांधणारानें केवळ मुख कोरून दिलें नाहीं. पुढच्या दुरुस्त्यांचा पैसाही बरोबर देऊन ठेवला. आपल्याकडे देवस्थानांना इनामें असत, त्यांतलाच हा प्रकार. पण आम्हांस जें विशेष वाटतें तें हें, कीं तेथें गटाराच्या आणि नळाच्या डागडुजीलाही देवपूजेइतकीच कायमची सोय लावून दिली जात असे.

या दोन्ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सैल होत गेल्या. पंतप्रधान वीर शमशेर याच्या कारकीर्दींत, १८९० नंतरच्या दशकांत, काठमांडूला लोखंडी नळाचें पाणी आलें. नळ ही मोठी सोय होती, यांत वाद नाहीं. परंतु ज्या घरांत नळ आला त्या घराचें लक्ष कालव्यावरून उडालें. १९३४ च्या मोठ्या भूकंपानें कालव्यांना इजा झाली. १९६४ सालीं सरकारी गुठी संस्थान स्थापन होऊन पुष्कळ गुठ्यांची व्यवस्था त्याच्याकडे गेली आणि गल्लींतल्या माणसाचा धारेशीं असलेला संबंध आणखी पातळ झाला. मग शहर वाढलें. तळीं बुजवून त्यांवर इमारती झाल्या. घरांचे पाये खोदतांना जुने नळ तुटले, कारण ते कोठून जातात हें कोणीच लिहून ठेवलेलें नव्हतें. आणि खोल नळविहिरींनीं खालचें पाणी उपसून घेतलें. एकेक करून धारा बारीक झाल्या. कांहीं केवळ पावसाळ्यांत वाहूं लागल्या, कांहीं अजिबात आटल्या. काठमांडूंतील भीमसेन थापा याच्या काळची प्रसिद्ध सुनधारा, जिचें मुखच सोनेरी आणि त्या सबंध भागाला जिचें नांव मिळालें, तीही अलीकडच्या काळांत बराच वेळ कोरडी राहिली. मुख जागच्या जागीं, मुलामा जागच्या जागीं. पाणी तेवढें नाहीं.

पण सर्वच चित्र निराशेचें नाहीं. पाटणच्या आल्को हिटीजवळच्या रहिवाशांनीं आपली समिति केली, धारेचें पाणी रात्रीं वायां जातें तें टांकींत सांठविण्याची सोय केली, आणि आसपासच्या घरांना तें नळानें वांटून दिलें. धारेच्या उत्पन्नांतून धारेची दुरुस्ती, ही जुनी गुठीचीच युक्ति नव्या वेषांत आली. २०१५ च्या भूकंपांत मंगा हिटीच्या काठचे सुंदर मंडप कोसळले. ते पुन्हां उभारण्यांत आले. त्या दिवसांत शहराचे नळ बंद पडले असतां ज्या धारा जिवंत होत्या त्यांच्यापुढें लोकांनीं रांगा लावून पाणी भरलें. २०२१ सालीं मेलम्ची नदीचें पाणी सुमारें २६ किलोमीटर लांबीच्या बोगद्यानें काठमांडूंत आलें. त्याच वर्षीच्या पावसाळ्यांत आलेल्या महापुरानें त्या योजनेच्या मुखाशींच मोठें नुकसान केलें आणि पुरवठा थांबला. मोठ्या योजना नकोत असा याचा अर्थ नव्हे. घरांत दोन दिवे असावे, एक विझला तरी दुसरा राहतो, एवढाच त्याचा अर्थ. २०२२ सालीं जागतिक स्मारक निधि या संस्थेनें जगांतील संकटांत असलेल्या वारसास्थळांची यादी प्रसिद्ध केली, तींत काठमांडू खोऱ्यांतील या हिटींचा समावेश आहे.

मुख टिकतें आणि मागचा पाट तुटला तर पाणी जातें, हा नियम कांहीं नेपाळापुरता नाहीं. रोम शहरांतील त्रेवीचें कारंजें जगप्रसिद्ध आहे. तें चौकाच्या मध्यभागीं नसून पोली नांवाच्या राजवाड्याची एक अख्खी भिंतच आहे. निकोला साल्वी यानें १७३२ सालीं त्याचें काम हातीं घेतलें. तो १७५१ सालीं वारला, आणि कारंजें १७६२ सालीं पुरें झालें. समुद्रदेव, घोडे, खडक, सारें त्या भिंतींतून बाहेर उसळतें. पण तेथलें पाणी अठराव्या शतकांतलें नव्हे. ख्रिस्तापूर्वीं १९ व्या वर्षीं अग्रिप्पा या रोमन सेनानीनें आणलेल्या नळाचें तें पाणी. मध्यंतरीं मोडकळीस आलेला तो नळ पोपांनीं दुरुस्त करविला म्हणून त्रेवीला धार आली. अशा कारंजाला इटालियन लोक ‘मोस्त्रा’ म्हणतात, म्हणजे प्रदर्शन. दूरवरून आणलेलें पाणी शहरांत पोंचलें, हें लोकांना दाखविण्याची ती जागा. येथेंही शोभा ही पाण्याच्या प्रवासाची पोंच आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही हाच धडा डोळ्यांसमोर आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचे प्रवाह भिंतींतून निघून एकत्र होतात आणि गोमुखांतून कुंडांत पडतात. भाविकांस तो देवाचा प्रसाद आहे, आणि तो तसा मानण्यांत कांहीं चूक नाहीं. भूगर्भशास्त्र त्याच गोष्टीचें कारण सांगतें. महाबळेश्वरच्या पठारावर जांभा दगडाची जाड टोपी आहे. हा दगड स्पंजासारखा सच्छिद्र. सह्याद्रीचा मुसळधार पाऊस त्यांत मुरतो, खालच्या चिकण थरावर आणि घट्ट काळ्या दगडावर अडतो, आणि जेथें दोन थरांचा सांधा उघडा पडतो तेथून झऱ्याच्या रूपानें बाहेर येतो. म्हणजे काठमांडूंत जें काम तळ्यांनीं आणि वाळूनें केलें तें येथें जांभ्यानें आणि जंगलानें केलें. पठारावरील झाडी आणि मोकळी जमीन हें त्या गोमुखाचें राजकुलो आहे. गोमुखाला चांदीचा पत्रा ठोकून तें राखतां येणार नाहीं. वरचें पठार राखलें तरच तें राहील.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, तेथील पाणचक्की पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत एका उंच भिंतीच्या माथ्यावरून पाण्याचा पडदा मोठ्या हौदांत कोसळतो. पाणी त्या भिंतीवर चढलें कसें, हें कोडें पाहणाराला पडतें. तेथें पंप नाहीं. दूरच्या डोंगरांतील उंच जागेवरून खापराच्या नळानें आणलेलें पाणी प्रथम सखल भागांत उतरतें, आणि पाणी आपली समपातळी शोधतें या नियमानें भिंतीच्या पोटांतील नळांतून पुन्हां वर चढतें. मात्र तें मूळच्या पातळीहून किंचित् खालींच राहतें, कारण वाटेंतल्या घर्षणाला त्यानें कांहीं कर दिलेला असतो. त्याच पाण्याच्या जोरावर तेथें पिठाची चक्की फिरे आणि फकीर व यात्रेकरूंच्या अन्नाची सोय होई. पुण्याला कात्रजच्या तलावांतून दगडी नळानें पाणी आणून हौद भरण्याची नानासाहेब पेशव्यांची योजनाही उताराच्याच बळावर चालणारी होती. शोभा, उपयोग आणि धर्म हे तिन्ही या कामांत वेगळे काढतांच येत नाहींत.

आतां पुन्हां घरगुती कारंजाकडे वळूं. कारण ज्यांच्या घरीं तें आहे त्यांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणें इष्ट आहे. पहिली गोष्ट वजनाची. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. त्यांत दगडाच्या फळीचें वजन मिळवावें आणि मगच भिंत तें पेलील कीं नाहीं हें गवंड्याकडून पाहून घ्यावें. पातळ पडभिंतीवर तें बसवूं नये. दुसरी गोष्ट विजेची. पंपाची तार भिंतींतील खोबणीकडे जाण्यापूर्वीं तिला खालच्या बाजूस वळसा द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी तेथेंच गळून पडतें, खोबणींत शिरत नाहीं. कुंडींत हात घालण्यापूर्वीं कळ बंद करून तार काढून ठेवावी. तिसरी गोष्ट क्षारांची. आपल्याकडील बोअरचें पाणी जड असतें. तें वाफ होऊन जातें आणि पांढरें किटण मागें ठेवतें. काळ्या दगडावरील किटण शिरक्यानें निघतें. परंतु संगमरवराला शिरका अथवा लिंबू कधींही लावूं नये, आम्लानें तो खाल्ला जातो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाहत्या पाण्यांत डांस सहसा अंडीं घालीत नाहींत. पण सुटीसाठीं गांवीं जातांना पंप बंद केला आणि कुंडी भरलेली ठेवली तर आठ-दहा दिवसांत तेथें डेंग्यूच्या डांसांची पैदास होऊं शकते. त्या डांसाला असेंच घरांतलें स्वच्छ, सांचलेलें पाणी आवडतें. म्हणून बाहेरगांवीं जातांना कुंडी कोरडी करावी, आणि घरीं असतांना आठवड्यांतून एक दिवस पाणी काढून ती घांसून घ्यावी. म्हणजे घरांतल्या या लहानशा धारेलाही एक सिठी नखः लागतोच. ज्याला शोभा पाहिजे त्यानें तिची सेवाही पत्करली पाहिजे; त्यांतून मोठी हिटी सुटली नाहीं आणि दिवाणखान्यांतली कुंडीही सुटत नाहीं.

आपल्या गांवोगांवीं जुनीं गोमुखें, दगडी तोट्या, बांधीव हौद आणि बारव आहेत. त्यांपैकीं कित्येकांतून आज पाणी येत नाहीं, आणि आपण त्यांचीं छायाचित्रें काढून समाधान मानतों. यापुढें अशा ठिकाणीं जाण्याचा योग आला तर वाचकांनीं मुखाचें कोरीवकाम अवश्य पाहावें, पण तेथेंच थांबूं नये. भिंतीच्या मागल्या बाजूस जावें. पाणी कोणत्या झऱ्यांतून येत होतें, तो पाट कोठें बुजला, वरच्या अंगास कोणतें तळें होतें आणि त्याचें आज काय झालें, हें गांवांतील वृद्धांना विचारावें. त्यांचीं उत्तरें लिहून ठेवावीं, कारण ती माहिती सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत आणि काठमांडूंत नळ तुटले ते अशा अलिखित माहितीमुळेंच. आणि शक्य असेल तर पावसाळ्यापूर्वींचा एक दिवस, ज्येष्ठाच्या शुद्ध पक्षांतील असला तर उत्तमच, चार शेजाऱ्यांनीं मिळून त्या पाटांतला गाळ काढण्यास द्यावा. नवें मुख कोरविण्यास द्रव्य लागतें. जुन्या पाटांतला गाळ काढण्यास कुदळ, घमेलें आणि एक सकाळ पुरते. शास्त्रकारांनीं ज्याला पूर्त म्हटलें तें याहून फारसें वेगळें नसावें.